न पुसलेली खूण

सातबारा कोणीही वाचावा, फेरफार मात्र अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच व्हावा, हे माझ्या वडिलांना शाळेत न जाताही ठाऊक आहे. संगणकातील फायलींचा नियमही असाच असतो. तो पाळणाऱ्या मुख्य कारभाऱ्यास ‘कर्नल’ म्हणतात.

लिनक्स प्रणालीचा कर्नल वाचलेल्या फायलीची पाने स्मृतीत ठेवतो. एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणाऱ्या मार्गास ‘पाइप’ म्हणतात. पाइपच्या कप्प्यावर ‘येथे आणखी लिहिण्यास हरकत नाही’ अशी खूण असू शकते. पुढे त्याच कप्प्यात एखाद्या फायलीचे पान आले, तरी जुनी खूण पुसली जात नसे. मग पाइपमध्ये लिहिलेला मजकूर थेट त्या पानावर उमटे. परवानगी कोणी विचारीतच नसे! अशा रीतीने केवळ वाचनाचा हक्क असलेला साधा वापरकर्ता सर्वाधिकारी होऊ शके.

ऑगस्ट २०२० मधील ५.८ या आवृत्तीपासून हा धोका निर्माण झाला. काही फायली वारंवार का बिघडतात याचा छडा लावताना जर्मन प्रोग्रामर मॅक्स केलरमन यांना तो सापडला. दुरुस्ती निघाल्यावर, ७ मार्च २०२२ रोजी, त्यांनी ‘डर्टी पाइप’ या नावाने तो जाहीर केला. दुरुस्ती अवघ्या दोन ओळींची होती : खूण शून्य करा.

कागदावरील खाडाखोड डोळ्यांना दिसते. ही दिसत नसे. जमिनीच्या उताऱ्यापासून गुणपत्रिकेपर्यंत आपली सारी कागदपत्रे संगणकात जात असताना, हे समजून घेणे कला शाखेच्या विद्यार्थ्याचेही काम आहे, असे मला वाटते.