साक्षीदाराचे मन

(द्वितीय वर्ष कला)

मी मानसशास्त्र घेतले असे गावी सांगितले, तेव्हा आत्याने विचारले, "म्हणजे वेड्यांचा डॉक्टर व्हायचं का रे?" जोडीला गुन्हेशास्त्र आहे हे ऐकून वडील म्हणाले, "मग फौजदारच हो की!" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यांना तरी या विषयांची माहिती कोठून असणार? माणूस गुन्हेगार का होतो एवढेच यात शिकायचे, असे मलाही वाटत होते. परंतु गुन्हेगाराइतकाच साक्षीदाराच्या मनाचाही अभ्यास करावा लागतो, हे मला यंदा उमजले.

गुन्हेशास्त्राच्या इतिहासात आरंभीच इटलीच्या लोंब्रोझोचे नाव येते. गुन्हेगारी उपजत असते व ती कवटी, जबडा, कान यांच्या ठेवणीवरून ओळखता येते, असे या डॉक्टरने १८७६ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. पुढे इंग्लंडमध्ये गोरिंगने सुमारे ३००० कैद्यांची मोजमापे तपासून १९१३ साली दाखवून दिले की, गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक नमुना आढळत नाही. आपल्याकडे तर लोंब्रोझोच्याही आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा करून जमातीच्या जमातींवर शिक्का मारला. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना कुंपणाच्या वसाहतीत कोंडले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला. लोकांच्या मनातला मात्र राहिला.

आता साक्षीदाराकडे वळू. अमेरिकेत लॉफ्टस व पामर यांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखविली. नंतर पन्नास जणांना विचारले, "गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?" दुसऱ्या पन्नास जणांना 'धडकल्या'ऐवजी 'आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचा शब्द वापरून विचारले. उरलेल्यांना वेगाविषयी काहीच विचारले नाही. आठवड्याने सर्वांना प्रश्न केला, "फुटलेली काच दिसली का?" फिल्ममध्ये काच नव्हतीच. तरी 'चक्काचूर' ऐकलेल्यांपैकी १६ जणांनी 'होय' म्हटले. 'धडकल्या' ऐकलेल्यांत असे ७ होते, तर उरलेल्यांत ६. एका शब्दाने आठवणीत काच आणून ठेवली!

सरांनी हा प्रयोग वर्गात सांगितला, तेव्हा मला आमच्या गावचा पार आठवला. मी सातवीत असताना विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीस गेली. आदल्या सांजेला बांधावरून कोणीतरी जाताना मी पाहिले होते; अंधार पडला होता. पारावर मंडळी जमली. मला विचारले, "पालावरचा पारध्याचाच पोरगा होता ना?" 'कोण होता?' असे कोणीच विचारले नाही. मी मान हलविली. त्या पोराला बेदम मार बसला. दुसऱ्या दिवशी पाले उठून गेली. मोटार पुढे कधीच सापडली नाही.

मार खाताना त्याच्या अंगात लाल सदरा होता. आज बांधावरचा प्रसंग आठवू लागलो, की तिथेही मला लाल सदराच दिसतो. त्या अंधारात रंग दिसणे शक्य नव्हते. मी खोटे बोललो नव्हतो, आणि नेमके हेच भयंकर आहे.

न्यायालयात सरतपासणीच्या वेळी सूचक प्रश्नांवर बंधन असते. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. पण पारावर कोण बंधन घालणार? शिवाय तो प्रश्न मंडळींच्या तोंडी आला, तो त्याच जुन्या शिक्क्यामुळे.

दिवाळीत वडिलांना हे सारे सांगितले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "त्या पोराचं नाव काय होतं रे?" मला ते ठाऊक नव्हते. आम्ही कोणी विचारलेच नव्हते.

फौजदार होईन की नाही, सांगता येत नाही. परंतु या विषयाच्या अभ्यासकाने दुसऱ्याचे मन तपासण्यापूर्वी स्वतःची उलटतपासणी घ्यावी, एवढे मात्र मी शिकलो आहे.