कोकमाच्या रसाची भुकटी

कोंकणांतील आमच्या वाचकांस कोकमाचें झाड नव्यानें दाखविण्याचें कारण नाहीं. हें फळ उन्हाळ्याच्या अखेरीस पिकूं लागतें आणि त्यांतील पुष्कळसें मृगाच्या पावसांत सांपडतें. ऊन नाहीं, मग आमसुलें तरी कशीं वाळावीं ? झाडाखालीं कुजणारा तो तांबडा सडा पाहून, रसाचीच भुकटी करतां येईल काय, असा प्रश्न आम्हांस पडला.

गेल्या वैशाखांत आम्हीं लोखंडी कढईंत रस घालून तो आटविला. भुकटी कसली ! मिळाला तो काळपट, चिकट गोळा. विद्यार्थी हंसले, आम्ही मात्र कारणें शोधूं लागलों.

चिकटपणा साखरेचा. पावसाळ्यांत गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो, हें घरोघरीं ठाऊक आहे. रसांतील फलशर्करा स्फटिक न बनतां वाळली, तर ती केवळ ५ अंश सेंटिग्रेडच्या आसपासच टणकपणा सोडूं लागते. द्राक्षशर्करा सुमारें ३१ अंशांस. म्हणून रसांत माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. मक्यासारख्या धान्याच्या पिष्टापासून होणारी ही पांढरी पूड शंभर अंशांच्या वरही टणक राहते, आणि तिच्या आधारानें साखरही टणक राहते.

काळपटपणाचा दोष आमचा. कोकमाचा रंग अँथोसायानिन नांवाच्या द्रव्याचा असून, दीर्घ उष्णता, हवा आणि प्रकाश हे त्याचे वैरी होत. लोखंडाच्या स्पर्शानेंही तो बिघडतो. आगळ चिनी मातीच्या बरणींतच ठेवावें, हा आजीबाईंचा हट्ट किती शास्त्रशुद्ध होता !

कारखान्यांत रसाचा बारीक फवारा १५० ते १८० अंश तापलेल्या हवेंत सोडतात. (या युक्तीचें पेटंट अमेरिकेंत सॅम्युएल पर्सी यांनीं १८७२ सालीं घेतलें, दुधाची भुकटीही अशीच होते.) एवढ्या उष्णतेंत रंग जळत कसा नाहीं ? माठांतलें पाणी ज्या कारणानें गार राहतें, त्याच कारणानें. बाष्प होऊन जाणारें पाणी थेंबाची उष्णता घेऊन जातें, आणि थेंब कांहीं क्षणांत वाळून बाहेर पडतो. रस गोठवून निर्वातांत वाळविल्यास रंग याहूनही चांगला टिकतो. परंतु तो मार्ग फार खर्चाचा. तयार भुकटी हवाबंद डब्यांत, अंधारांत न ठेवल्यास सारे श्रम फुकट.

पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. अशा भुकटींत पुष्कळदां निम्म्याहून अधिक भाग माल्टोडेक्स्ट्रिनचाच असतो. तेव्हां पुडीवरील घटक वाचूनच किंमत द्यावी. रंगाची परीक्षा तर घरींच होते. भुकटी पाण्यांत विरघळवून तींत खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकावा. फेंस येऊन तांबडा रंग जांभळट-निळसर होऊं लागेल. लगेच लिंबू पिळल्यास तांबडा परत येईल. पुरेसा सोडा घालूनही रंग तसाच राहिला, तर तो कोकमाचा नव्हे.