चेंबरमधून ऑइल गळतंय

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपच्या इंजिनाखाली रोज ऑइलचे थेंब पडतात. चेंबर खोलून पॅकिंग घरीच बदलता येईल का?
– एक शेतकरी, लासुर्णे (ता. इंदापूर)

उत्तर : येईल, पण आधी गळती नक्की कुठली ते बघा. टॅपेट कव्हरचं ऑइल ओघळून चेंबरच्या कडेलाच जमतं. इंजिन पुसा, बारामतीपर्यंत एक चक्कर मारा आणि परत बघा.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, भक्कम स्टँड लावाच. ऑइल काढल्यावर चेंबर चिकटून बसेल. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलात तर कड वाकेल. पातळ पट्टी फिरवून सोडवा. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा फुगलेला असतो, तो लाकडावर ठेवून हलक्या हाताने सपाट करा. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा, तेलाचा अंशही नको.

पॅकिंगच्या जागी सिलिकॉनची धार लावा, सुमारे 3 मिलिमीटर, भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलेलं सिलिकॉन आत सुटून ऑइलची जाळी तुंबवतं आणि इंजिन जाम होतं. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळा. 24 तासांनी ऑइल भरा.

ट्रॅक्टरचं चेंबर मात्र घरी खोलू नका. बऱ्याच ट्रॅक्टरांत पुढच्या ॲक्सलचा भार त्यावरच असतो. आणि काढलेलं ऑइल निरा डाव्या कालव्यात किंवा चारीत ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.