पानाची डावी बाजू

सांगली,
दि. १४ डिसेंबर

चिरंजीव श्रीधर यास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. तपासणीत तुझी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१ निघाली, म्हणजे निरोगी माणसाची ५.७ ची मर्यादा ओलांडली गेली असून मधुमेहाची ६.५ ची वेस अद्याप थोडी दूर आहे, हे वाचून काळजी वाटली. परंतु घरचा स्वयंपाक तू स्वतः करतोस आणि म्हणून या दुखण्याच्या बंदोबस्ताचे मुख्य साधन तुझ्याच हाती आहे, याचे समाधानही वाटले. मात्र येत्या सोमवारपासून गहू, तांदूळ, साखर आणि बटाटे यांना घरात मज्जाव करावा, आणि तोच नियम तुझ्या आईला, सौ. मानसीला व दोन्ही मुलांना सरसकट लागू करावा, असा जो तुझा मनोदय आहे, तो मला मान्य नाही. हेतू उत्तम आहे. हुकूम मात्र मागे घ्यावास.

सर्वांत आधी वहिनींविषयी लिहिते, कारण तिथे विलंब चालणार नाही. त्यांची साखर औषधाने आटोक्यात आहे, आणि त्या औषधाचे प्रमाण त्या आज जे जेवतात त्या जेवणावर मुक्रर झालेले आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना पानातील पिष्टमय पदार्थ एकाएकी निम्म्यावर आले आणि औषध मात्र पूर्वीइतकेच राहिले, तर रक्तातील साखर ७० च्या खाली उतरून दरदरून घाम सुटणे, हातपाय कापणे, बोलण्यात गोंधळ होणे असे प्रकार घडतात. आणि हे जर पहाटे झोपेत झाले, तर वृद्ध माणसाच्या जिवावर बेतू शकते. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते त्यांची गोष्ट आणखी निराळी आहे: त्या चालू असताना पिष्ट जवळजवळ बंद केले, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तातील आम्लता धोकादायक पातळीला जाऊ शकते. म्हणून गोळ्यांची पाकिटे घेऊन आधी त्यांच्या डॉक्टरांकडे जा, आपण घरात काय बदल करणार आहोत ते त्यांना नीट सांग, मूत्रपिंडाच्या तपासणीचा ताजा निकाल दाखवून प्रथिने किती वाढविता येतील हे विचारून घे, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत वहिनींच्या पानातला फरक तहकूब ठेव.

आता मुख्य विषयाकडे वळते. आपण तर सडपातळ घराण्यातले, आपल्याला हे कसे झाले, असे तू विचारले आहेस. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. उंची व वजन यांच्या प्रमाणावरून काढलेला दोघांचाही निर्देशांक नेमका २२.३, म्हणजे दिसायला दोघेही सारखेच सडसडीत. परंतु इंग्रज गृहस्थांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या देहात २१.२ टक्के. आपल्याकडे काटक्यांसारख्या हातापायांच्या माणसाच्याही पोटात चरबी दडलेली असते आणि स्नायू मात्र तुटपुंजे असतात, ही गोष्ट त्या एका चित्राने जगापुढे मांडली. खाल्लेली साखर शोषून घेणारे मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते लहान असताना ताटातून पिष्टाचा लोंढा दोन्ही वेळा येत राहिला, तर साखर रक्तात तुंबून राहणे क्रमप्राप्त आहे.

आणि तो लोंढा केवढा असतो याची एकदा रुजुवात घे. शंभर ग्रॅम तांदळात पिष्ट सुमारे ७८ ग्रॅम आणि कणकेत सुमारे ६४ ग्रॅम. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी धरली तर तीन पोळ्यांचे साठच्या घरात, त्यावर पन्नास ग्रॅम तांदळाचा वाटीभर भात म्हणजे आणखी चाळीस, आणि शेजारी बटाट्याची भाजी. तू पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरण्याचे लिहिले आहेस. पण ज्वारीच्या पिठातही पिष्ट ६८ ग्रॅमच्या आसपास असते, आणि एका भाकरीला पोळीच्या दुप्पट पीठ लागते. भाकरी चोथ्याला चांगली, चवीला चांगली, पोटाला आधार देणारी आहे. पण पिष्टाच्या हिशेबात अर्धी भाकरी म्हणजे एक पोळी, हे ध्यानात ठेवूनच ती पानात घे. गुळाबद्दलही आपल्या लोकांत असाच एक भाबडा विश्वास आहे. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून तुझ्या रक्ताला काहीही सवलत मिळत नाही.

याचा अर्थ धान्य हे विष आहे असा नव्हे. आपले ताट धान्याने भरले ते चैनीपोटी नव्हे, तर तंगीपोटी. दिवसभर मोट हाकणाऱ्या माणसाला तीन भाकऱ्या पचत होत्या, आणि त्यांच्या जोडीला झुणक्यापलीकडे काही परवडतही नव्हते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायामाणसांना लाल मिलो आणि सुकडी मिळाली म्हणून जीव जगले. त्या धान्याला नावे ठेवण्याचे पातक मी करणार नाही. पण कष्ट गेले, मोट गेली, खुर्ची आली, आणि ताट मात्र जुन्याच मामुलाप्रमाणे भरत राहिले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत धान्यांपासून मिळणारी ऊर्जा एकंदर ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी असे म्हटले आहे, आणि दर माणशी दररोज ४०० ग्रॅम भाजी सुचविली आहे. तुझ्या घरात पाच माणसे. म्हणजे रोजची दोन किलो भाजी झाली. तुझ्या पिशवीत ती येते का, एवढे पाहिलेस तरी दोष नेमका कोठे आहे ते कळेल.

यावर माझी तजवीज अशी आहे. ज्या ताटात आपण वाढलो त्याची मांडणी आठव. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, उसळ, आमटी. आणि मध्ये भाताची मूद व पोळी. यातले कमीत कमी पिष्टाचे जे, ते सारे कडेला, चमचाभर, जिभेला चव यावी इतकेच. आणि मध्ये जे, त्याने पोट भरायचे. तू यातला एकही पदार्थ काढू नकोस, फक्त प्रमाण उलट कर. कोशिंबीर चमच्याने न वाढता वाटीने वाढ; भाजी दोन प्रकारची आणि पोटभर असू दे; उसळ, अंडी, मासळी, पनीर, घट्ट दही यांपैकी एक काही प्रत्येक जेवणात ठेव; आणि पोळी किंवा भात शेवटी, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे मापून वाढ. तुला एक पोळी किंवा अर्धी वाटी भात, दोन्ही नव्हे. मानसीला तिच्या भुकेप्रमाणे. आणि मुलांना हव्या तितक्या पोळ्या, तुपासह. धाकटी ओवी वाढत्या वयाची आणि थोरला रोज मैदानावर धावणारा. त्यांच्या पोळीवर गदा आणण्याचे काहीच कारण नाही. बिस्किटे, सरबते आणि पाकिटातला खाऊ मात्र घरात आणणे थांबव, म्हणजे त्यांना निराळे पथ्य सांगावे लागणार नाही.

अशाने स्वयंपाक एकच राहतो. रोग्याची पातेली निराळी आणि घरच्यांची निराळी, अशी व्यवस्था ज्या ज्या घरांत झाली तेथे ती टिकलेली मी पाहिलेली नाही. करणारा थकतो, आणि ज्याच्यासाठी करायचे तो आपल्याच घरात परका होऊन बसतो. शिवाय मुलांच्या देखत ‘बाबांचे पथ्य’ हा शब्दही उच्चारू नकोस. त्यांना एवढेच दिसावे की अलीकडे भाज्या फार चविष्ट होऊ लागल्या आहेत.

आणि त्या तशा होण्यासाठी हात राखून चालणार नाही. भाजीने पोट भरायचे असेल तर तिला अंग हवे, आणि ते अंग आपल्याकडे दाण्याचा कूट, तीळ, सुके खोबरे, कारळे, जवस यांनी येते. सध्या कृष्णाकाठची वांगी बाजारात आली आहेत. लहान, काटेरी देठाची, वजनाला हलकी बघून घे. देठ तसाच ठेवून चार चिरा दे आणि मिठाच्या पाण्यात टाक. भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट, त्याच्या निम्मे भाजलेले तीळ व खोबरे, गोडा मसाला, तिखट, मीठ, चिंचेचा कोळ आणि कोथिंबीर एकत्र कालवून ते दाबून भर. गूळ घालू नकोस; खोबरे खरपूस भाजले असेल तर त्याची उणीव भासत नाही. तेलात हिंग-मोहरीची फोडणी करून वांगी एका थरात मांड, आच मंद कर, झाकणावर पाणी ठेव, आणि त्यातले थोडे गरम पाणी अधूनमधून कडेने सोडत जा. देठापाशी बोट लावून वांगे दबले आणि कडेला तेल सुटले की उतर. अशी चार वांगी, वाटीभर काकडीची खमंग कोशिंबीर आणि दोन उकडलेली अंडी एवढे पानात असले, तर दुसऱ्या पोळीची आठवण होत नाही.

थंडीचे दिवस आहेत तोवर मेथी, चाकवत, शेपू, हरभऱ्याचा पाला, मुळा या सर्वांचा उपयोग करून घे. पातळ भाजीला पिठाऐवजी ताक आणि दाण्याचा कूट लाव. वहिनींना आता कडक काही चावत नाही. त्यांच्यासाठी पालकाचे ताकातले गरगट आणि मऊ शिजवलेला दुधी सोयीचा पडेल, आणि तेच मुलांनाही आवडेल. फ्लॉवर किसून भातासारखा करण्याची रीत तुला कोणी सांगितली आहे, ती चांगली आहे; फक्त कीस पाण्यात शिजवू नकोस, रुंद कढईत मोठ्या आचेवर जिऱ्याच्या फोडणीत तीन-चार मिनिटे परतून लगेच उतर, नाहीतर लगदा होतो. डाळी आणि बेसन यांतही पिष्ट निम्म्याच्या आसपास असते. म्हणून पिठले पातळ आणि उसळ वाटीभर ठीक, पण डाळीच्या धिरड्यांवर धिरडी खाऊन पिष्ट टाळले असे समजू नकोस. पनीर आणि मासळी रोज परवडत नाहीत, हे खरे. शेंगदाणे, मोडाची मटकी, अंडी आणि घरी विरजलेले दही यांवर महिन्याचा जमाखर्च सहज बसतो.

‘कीटो’ म्हणून जो अतिरेकी प्रकार तू वाचला आहेस, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो १९२१ साली सुचविला तो अपस्माराच्या रोग्यांसाठी, आणि वैद्यकीय देखरेखीखाली. मुले, म्हातारे आणि नोकरदार एका पंगतीला बसणाऱ्या घरात तो चालविण्याचे प्रयोजन नाही. लोण्यातुपाचीही सीमा असावी. एका ग्रॅम पिष्टातून चार उष्मांक मिळतात तर स्निग्धातून नऊ, त्यामुळे पोळी कमी करून तेलाची धार वाढविली तर पोटाचा घेर कमी व्हायचा नाही.

उपवासाचे मात्र निक्षून सांगते, कारण आपल्या घरची मोठी गळती तेथेच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा मिसळून एकादशीला ताटलीभर खिचडी खाणे म्हणजे उपवासाच्या नावाखाली आठवड्यातील सर्वांत जड जेवण करणे होय. तुझ्या आईचे व्रत मोडायचे नाही. अर्धी वाटी वरी, त्यावर भरपूर दाण्याची आमटी, दही घातलेली काकडी आणि लाल भोपळ्याचे भरीत एवढे त्यांच्या नियमात बसते आणि प्रकृतीलाही मानवते.

चहाचेही असेच आहे. दिवसातून चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर. ती जेवणात कोठेच दिसत नाही. एकदम बंद केलीस तर आठवड्यात पुन्हा सुरू करशील. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करीत जा, जीभ वळते.

संक्रांतीला तुम्ही सर्व इकडे येणार आहात, आणि गुळाची पोळी मी नेहमीप्रमाणे करणारच आहे. तुझ्या पानात ती एक पडेल, तुपासकट, आणि ती आनंदाने खा. त्या दिवशी तुला भात वाढणार नाही. भोगीची मिसळ भाजी, वांगी, पावटे, गाजरे, हरभरे आणि तीळ घालून, आदल्या दिवशीची मुद्दाम राखून ठेवीन, आणि जेवणानंतर मुलांना घेऊन आपण घाटावर चालत जाऊ. येताना मानसीला म्हणावे, जवसाच्या चटणीचा रिकामा डबा आठवणीने आण. सौ. मानसीस व मुलांस आशीर्वाद, वहिनींस नमस्कार.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझी,
आत्या