वारसानें आलेलें रोमन नाणें खरें कीं खोटें?

वाडवडिलांच्या पेटींतून निघालेलें रोमन नाणें एखाद्या घरांत मोठ्या अभिमानानें दाखविलें जातें. पणजोबा पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियाच्या मोहिमेवर होते, किंवा आजोबा यरुशलेमेची यात्रा करून आले, अशी हकीकतही त्यासोबत चालत येते. अशा नाण्याची परीक्षा कशी करावी, याचा आम्ही येथें विचार करणार आहों. हकीकत खरी असली तरी तेवढ्यानें नाणें खरें ठरत नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. आजोबांनीं तें प्रामाणिकपणें विकत घेतलें असेल आणि विकणारानें त्यांस फसविलें असेल. म्हणून नाणें खोटें निघाल्यास आजोबांच्या शब्दास कांहींएक बाध येत नाहीं. ही भीति मनांतून गेली म्हणजे परीक्षा निर्मळपणें करतां येते.

उदाहरणादाखल सम्राट् टायबेरियस (कारकीर्द इ. स. १४ ते ३७) याचा रौप्य दिनारियस घेऊं. एका बाजूस उजवीकडे तोंड केलेला सम्राटाचा मुखवटा, डोक्यावर पानांचा मुकुट. दुसऱ्या बाजूस आसनस्थ स्त्री, तिच्या हातांत दंड व डहाळी, आणि भोंवतीं ‘पाँटिफ मॅक्सिम’ म्हणजे महापुरोहित हीं अक्षरें. ही स्त्री म्हणजे राजमाता लिव्हिया, असें अनेकांचें मत आहे. शुभवर्तमानांतील कराचें नाणें तें हेंच, अशी समजूत रूढ असल्यामुळें भाविकांत यास फार मागणी. आणि म्हणूनच याच्या नकलाही विपुल. नाण्यावर ‘ख्रिस्तपूर्व’ अमुक सन लिहिलेला दिसला, तर पुढें पाहण्याचें कारणच नाहीं! ख्रिस्ताच्या जन्मापासून वर्षें मोजण्याची पद्धति इ. स. ५२५ च्या सुमारास निघाली.

रोमन टांकसाळींत खालचा ठसा ऐरणींत बसवीत, त्यावर रुप्याची तापविलेली चकती ठेवीत, आणि वरचा ठसा हातांत धरून त्यावर हातोडा मारीत. त्यामुळें खरें नाणें क्वचितच पूर्ण गोल असतें; चित्र एका अंगास सरकलेलें असतें, कांठास बारीक चिरा पडलेल्या असतात. नकल बहुधा सांच्यांत ओतलेली असते. भिंगांतून पाहिल्यास तिच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, आणि कांठावर सांच्याच्या दोन भागांचा सांधा अथवा तो लपविण्यासाठीं मारलेल्या कानशीचे ओरखडे आढळतात. मात्र जमिनींत गंजलेल्या खऱ्या नाण्यासही खळगे पडतात. एवढ्यावरून निकाल देऊं नये. एकाच ठशाचीं दोन नाणीं असूं शकतात, परंतु दोहोंची चीरही एकाच जागीं व एकाच आकाराची असणें हातकामांत संभवत नाहीं. अशी जुळीं नाणीं दिसलीं तर त्यांचा सांचा एकच समजावा.

यानंतर वजन. हें नाणें सुमारें पावणेचार ग्रॅम, म्हणजे चार माशांस किंचित् कमी, भरतें. झिजलेलें असल्यास थोडें आणखी कमी. शाळेच्या प्रयोगशाळेंत आर्किमिडीजची युक्ति करून पाहावी. नाणें हवेंत ३.७० ग्रॅम भरलें आणि दोऱ्यानें पाण्यांत लोंबतें ठेवून ३.३५ भरलें, तर घट ०.३५, भागाकार सुमारें १०.६, आणि शुद्ध रुप्याचें विशिष्ट गुरुत्व १०.५. पाण्यांत तेंच ३.२० भरलें तर भागाकार ७.४ येतो. तें रुपें नव्हे, कथिलाचा मिश्र धातु असावा.

पण या परीक्षेंत उतरलें म्हणजे नाणें खरें, असें कोणीं समजूं नये. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) या जर्मन कारागिरानें स्वतः ठसे कोरून प्राचीन नाण्यांच्या नकला पाडल्या, आणि त्यासाठीं कित्येकदां हलक्या किंमतीचीं खरीं जुनीं नाणींच वापरलीं. धातु प्राचीन, घडण ठोकीव, तरी नाणें बनावट! नवेपणा जावा म्हणून लोखंडाच्या किसांत घालून तीं तो आपल्या गाडीखालीं बांधून फिरवी, असें सांगतात. याच्या उलट, रोमन काळांतही तांब्यावर रुप्याचा पत्रा चढवून लोकांस फसवीत. झिजलेल्या जागीं लाल तांबें दिसलें तर नाणें दोन हजार वर्षांचें असूनही खोटें असूं शकतें. अभ्यासकास तें मोलाचेंच वाटतें. तात्पर्य, घरच्या परीक्षेनें खोटें नाणें बाहेर काढतां येतें; खऱ्याचा निर्णय अनेक नाणीं हाताळलेल्या जाणकारानेंच द्यावा.

जाणकाराकडे नेण्यापूर्वीं नाणें चिंच, राख अथवा रांगोळी लावून घासूं नये. देवाच्या भांड्यांस जें शोभतें, तें येथें पुरावाच पुसून टाकतें. कानस लावून धातु पाहणें तर त्याहून वाईट. जमिनींत नव्यानें सांपडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची खबर कलेक्टरास देणें १८७८ च्या कायद्यानें बंधनकारक आहे. वारसानें आलेल्या नाण्याची गोष्ट निराळी. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत नाण्यांचा मोठा संग्रह आहे. अशा ठिकाणीं आधीं पत्रानें विचारावें. पत्रासोबत दोन्ही बाजूंचीं व कांठाचीं छायाचित्रें, वजन आणि व्यास कळवावा, आणि आजोबांची हकीकत वेगळ्या कागदावर लिहून जोडावी.