मागच्या वेळी निभावले होते!

सभागृहाचे बांधकाम असो, सणाचा मंडप असो की युवकांचे शिबिर असो, एखादे मोठे काम पार पडले की आपण आभार मानतो, हिशोब मांडतो आणि मोकळे होतो. काम फसले तर निदान चर्चा तरी होते. पण जे काम थोडक्यात निभावते, त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. शिकण्यासारखे सर्वांत जास्त असते ते अशाच कामात. हे समजून घेण्यासाठी आज आपण अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेच्या दोन दुर्घटनांचा अभ्यास करू या.

२८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि आतील सातही जण मरण पावले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतील शिक्षिकाही होती. कारण होते अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे. थंडीत रबर कडक होते आणि फट नीट बुजत नाही. आधीच्या काही उड्डाणांतही ही कडी जळालेली, झिजलेली आढळली होती. रॉजर बॉइजॉली या अभियंत्याने जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंत्यांनी सांगितले की, १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात उडू नका. दुसऱ्या दिवशी तापमान जेमतेम २ अंश होते. पण कडी झिजूनही याने सुखरूप परतली होती ना? मग आताही परतेल, असे धरून चालले गेले.

चौकशी झाली. सांध्याची रचना बदलली. अडीच वर्षांहून अधिक काळाने, सप्टेंबर १९८८ मध्ये, उड्डाणे पुन्हा सुरू झाली. पुढे त्या सांध्याने दगा दिला नाही.

दगा दिला दुसऱ्याच वस्तूने. यानाच्या इंधन टाकीवर थंडावा टिकवण्यासाठी फोमचा थर असे. त्याचे तुकडे १९८१ च्या पहिल्या उड्डाणापासून निसटत आले होते. नियमानुसार एकही तुकडा यानावर आदळता कामा नये. पण दर वेळी यान परत येई, फुटलेल्या फरशा बदलल्या जात आणि हळूहळू ही गोष्ट दुरुस्तीच्या यादीतील एक नेहमीची नोंद होऊन बसली. ऑक्टोबर २००२ मध्ये तर एक मोठा तुकडा सुटून अग्निबाणावर आदळला. बैठकीत विषय निघाला, कारण शोधण्याचे काम नेमून दिले गेले. मात्र त्याची मुदत पुढे ढकलली गेली आणि दरम्यान उड्डाणे चालू राहिली. वरून तारखेचा दबाव होताच. अंतराळ स्थानकाचा एक भाग १९ फेब्रुवारी २००४ पर्यंत पाठवायचा, असे ठरले होते आणि त्या तारखेला किती दिवस उरले, ते अधिकाऱ्यांच्या संगणकाच्या पडद्यावर उलटे मोजले जात होते!

१६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' उडाले. सुमारे पाऊण किलोचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. पंखाची छायाचित्रे मिळवावीत, अशी मागणी अभियंत्यांनी केली. ती पुढे सरकली नाही. फोमने काय होणार, हेच उत्तर होते. १ फेब्रुवारीला परतताना त्या पंखात तप्त वायू शिरला आणि यान आकाशातच मोडले. सात जण गेले. त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. त्याच वर्षी जुलैमध्ये तसाच तुकडा पंखाच्या कडेवर मारून पाहिला, तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले. चौकशी मंडळाने अहवालात स्पष्ट नमूद केले की, या अपघाताला फोम जितका जबाबदार, तितकीच संस्थेची कार्यपद्धती जबाबदार होती. चॅलेंजरच्या वेळच्या चुका तिथे पुन्हा दिसल्या.

'नासा'त हुशार माणसांची वाण होती, असे कोण म्हणेल? अनुभव कागदावर होता, पण निर्णय घेणाऱ्याच्या हाती तो नुसत्या 'निभावले'च्या रूपात पोहोचला. सणाच्या रात्री जनरेटरची वायर तापली होती, हे मंडपवाल्याला ठाऊक असते, समितीला नसते. पुढे समितीही बदलते. मग नव्या मंडळींकडे जाते ते फक्त खर्चाचे पुस्तक.

यावर एक साधी पद्धत आहे. अमेरिकन सैन्यात ती गेली काही दशके रुजलेली आहे. काम संपताच, आठवणी ताज्या असताना, सर्वांनी एकत्र बसायचे. काय ठरले होते? प्रत्यक्षात काय झाले? असे का झाले? पुढच्या वेळी काय बदलायचे? दोष कोणाचा, हा प्रश्न या यादीत नाही. तो आला की खालची माणसे गप्प बसतात. म्हणून आधी वायरमन, स्वयंपाकघरातल्या भगिनी आणि वाहने लावून घेणारी मुले यांना बोलू द्यावे. अध्यक्षांनी शेवटी बोलावे. आम्हांला विचाराल तर त्यांत आणखी एक प्रश्न घालावा : काय बिघडता बिघडता राहिले?

उत्तरे एका वहीत लिहावीत आणि नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत, अंदाजपत्रकाच्या आधी, ती वाचावीत. प्रत्येक दुरुस्तीपुढे एकाचे नाव आणि एक तारीख हवी. ती तारीख पुढच्या सणाच्या आधीची असावी. कोलंबियाच्या बाबतीत ती उड्डाणानंतरची ठरली होती.