काचेच्या टाकीतले केसाळ शेवाळ आणि ते काढायची हत्यारे

दुकानात माशांची काचेची टाकी ठेवण्याची चाल आता अजिंठ्यासारख्या गावापर्यंत आली आहे. सलूनमध्ये, दवाखान्यात, हॉटेलच्या गल्ल्याजवळ टाकी दिसते. गिऱ्हाईक तिच्यापाशी दोन मिनिटे थांबते, मुले हट्ट धरून आईबापांना आत आणतात. पण टाकी विकणारा ती साफ कशी ठेवायची ते सांगत नाही. दोन-तीन महिन्यांत दगडांवर आणि रोपांवर हिरवे केस वाढू लागतात आणि शोभेसाठी आणलेली वस्तूच दुकानाची अब्रू घालवते.

आमचेही असेच झाले. लेणी पाहायला येणाऱ्या पर्यटकांना स्फटिकांचे दगड विकणे हा आमचा धंदा. टाकी दाराशी उन्हात ठेवली आणि आपल्याच मालाची जाहिरात व्हावी म्हणून आत चमकदार दगड मांडले. काही आठवड्यांत प्रत्येक स्फटिकाच्या फटीतून शेवाळाची शेंडी बाहेर आली. शहरातल्या एका विक्रेत्याने औषधाची बाटली दिली. संध्याकाळी औषध ओतून आम्ही दुकान बंद केले. सकाळी शेवाळ पिवळे पडले होते खरे, पण चौदा माशांपैकी अकरा मासे पाण्यावर तरंगत होते.

कारण नंतर समजले. अशा बऱ्याच औषधांत तांबे असते, म्हणजे आपले शेतकरी फवारतात त्या मोरचुदाचाच भाऊबंद. गोगलगायी आणि कोळंबी त्याने लगेच मरतात, प्रमाण चुकले तर मासेही. शिवाय एकदम मेलेले शेवाळ टाकीतच कुजते आणि पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. म्हणून आमचे सांगणे असे की केसाळ शेवाळ आधी हाताने बाहेर काढावे. जे बाहेर निघाले ते कुजत नाही.

उपायच पुढे अपाय होतो याचा दाखला आमच्या लेण्यांतही आहे. निजाम सरकारने १९२० ते १९२२ च्या दरम्यान दोन इटालियन जाणकारांना बोलावून चित्रांची डागडुजी केली. काम कळकळीचे होते, पण चित्रांवर लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले. ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याला नंतर बराच खटाटोप करावा लागला.

आता हत्यारांकडे वळू. सर्वांत कामाचे हत्यार म्हणजे जुना दात घासायचा ब्रश. तो वेताच्या काडीला किंवा वायरिंगच्या प्लास्टिक नळीला नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट बांधावा. शेवाळाच्या झुबक्यात ब्रश खुपसून एकाच दिशेने फिरवावा, विणकर कांडीवर सूत गुंडाळतो तसा. घासू नये. घासले की धागे तुटतात, तुकडे टाकीभर पसरतात आणि प्रत्येक तुकडा नव्याने वाढतो. गुंडाळले तर अख्खा झुबका मुळासकट येतो. बाटली धुण्याचा ब्रशही चालतो, पण त्याची तार लोखंडी असेल तर गंजते.

बारीक रोपांत ब्रश जात नाही, तिथे चिमटा लागतो. घड्याळजीचा चिमटा फार आखूड पडतो. साधारण ३० सेंटीमीटर लांब, टोके बोथट आणि एकमेकांना नीट भिडणारी असा हवा. पत्रा ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचा असावा. भांड्यांसाठी वापरतात तो २०२ नंबरचा स्वस्त पडतो, पण सतत पाण्यात गेल्यावर त्याला लवकर डाग धरतात. ज्या पानावर शेवाळ पक्के बसले आहे ते पान वाचवण्याच्या नादी लागू नये. लांब कात्रीने देठाशी कापून टाकावे.

काचेवरचे शेवाळ दाढीच्या ब्लेडने निघते. ब्लेड मुठीत बसवून जवळजवळ आडवे धरावे आणि कोपऱ्यातल्या सिलिकॉनला लावू नये, नाहीतर टाकी गळू लागेल. ॲक्रिलिकच्या टाकीला ब्लेड अजिबात नको. तिथे जुने प्लास्टिकचे कार्ड पुरे. लोहचुंबकाचा घासणा सोयीचा, पण त्यात वाळूचा एक कण अडकला तरी काचेवर कायमची रेघ उठते.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. हात घालण्याआधी फिल्टर, हीटर आणि दिवा, सगळ्यांची वीज बंद करावी. पाणी उतरल्यावर हीटर उघडा पडून चालू राहिला तर तडकतो, आणि ओल्या हाताने वीज म्हणजे जिवाशी खेळ. एका हाताने शेवाळ गुंडाळावे आणि दुसऱ्या हाताने रबरी नळी तिथेच धरून सुटलेले तुकडे बादलीत ओढून घ्यावेत. नळी पाण्याने भरून मग सोडावी, तोंडाने ओढू नये. बादली साबणाला कधी न लागलेली हवी. पाव टाकी पाणी उतरले की थांबावे. दगड बाहेर काढून ताठ ब्रशने घासावेत आणि कडक उन्हात वाळवावेत, पण उकळू नयेत; आत पाणी मुरलेला दगड फुटतो. नवे पाणी नळाचे असेल तर क्लोरीन घालवूनच भरावे.

एकदा काढून भागत नाही. दर तीन-चार दिवसांनी, निदान तीन आठवडे हे करावे लागते. आणि दिवा बारा-बारा तास जळत राहिला, किंवा मुले मूठभर दाणे टाकत राहिली, तर मेहनत पाण्यात गेली. दिवा सहा ते आठ तास आणि दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच. पाणचक्कीच्या हौदात नहरीचे वाहते पाणी येते. काचेच्या टाकीत मात्र माशांची घाण जिथल्या तिथे राहते आणि तेच शेवाळाचे खत होते.

पत्राकाम आणि वेल्डिंग करणाऱ्या बंधूंनी इकडे लक्ष द्यावे. हे चिमटे आणि ब्लेडच्या मुठी कुठल्याही छोट्या कारखान्यात होऊ शकतात. चिमट्याची कमान जास्त ताठ झाली तर अर्ध्या तासात बोटे भरून येतात, म्हणून नमुना स्वतः टाकीत वापरून पाहावा आणि मग विकावा. आठवड्यातून एकदा जाऊन चार दुकानांच्या टाक्या साफ करून देणे, हाही पर्यटक नसलेल्या महिन्यांतला जोडधंदा आहे. त्याला भांडवल म्हणजे एक बादली, एक नळी आणि ही दोन-तीन हत्यारे.

दगड विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. गिऱ्हाईक टाकीसाठी स्फटिकांचा दगड मागते तेव्हा त्याला खरे सांगावे. त्या फटींतून शेवाळ कुठल्याही हत्याराने पुरते निघत नाही. दगडात कॅल्साइट असेल तर तो हळूहळू विरघळून पाणी जड करतो. सिरक्याचा थेंब टाकून फेस आला तर तो टाकीत नको. आमच्या दुकानातली टाकी आता दारापासून आत, भिंतीकडे सरकवली आहे. चमकदार माल फळीवर आहे आणि पाण्यात शेतातून उचललेले गुळगुळीत काळे दगड आहेत, ब्रशने एका हातात साफ होणारे.